बडोद्याच्या दर्शनमंदिरातला एक शनिवार

इतिहास वेगळा घडला असता तर टीव्हीवर काय लागलं असतं, हा खेळ खेळताना बहुतेकजण आधी झेंडा काढतात, मग राजमुद्रा, मग मालिकांची नावं. माझं म्हणणं असं की सुरुवात कार्यक्रमपत्रिकेपासून करावी. १९६४ सालचा एखादा शनिवार घ्या. बडोदा राज्याची स्वतःची चित्रवाणी आहे असं धरा आणि संध्याकाळी साडेसहा ते रात्री दहाचा तक्ता भरायला बसा. प्रत्येक कार्यक्रमापुढे तीन रकाने: भाषा कोणती, थेट की फिल्मवरून, आणि पैसे कुणाचे. हे तीन रकाने अडले, तर ते जग अजून उभं राहिलेलं नाही असं खुशाल समजा.

त्याआधी इतिहासाचा सांधा कुठे बदलायचा ते ठरवावं लागतं, आणि बदल एकच असावा. बडोदा राज्य १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. नुसतं ते विलीनीकरण थांबवून भागत नाही, कारण आपल्या राज्यघटनेत प्रसारण केंद्र सरकारकडे आहे. केंद्रसूचीतली ३१ वी नोंद. म्हणजे बडोदा वेगळं राहिलं तरी मनोरा दिल्लीचाच. खरा सांधा इंग्रजांनी केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात आहे. संघराज्यात सामील होणाऱ्या संस्थानिकाला स्वतःचा प्रक्षेपक उभारायला आणि संचांवर फी बसवायला केंद्राने विनाकारण नकार देऊ नये, असं त्याचं कलम १२९ सांगतं. ते संघराज्य मात्र कधी आलंच नाही. संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निदान निम्मी प्रजा आणि वरिष्ठ सभागृहातल्या ५२ जागा, एवढ्या संस्थानांची संमती लागत होती. ती जुळायच्या आत सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. ती १९३८ मध्येच जुळली असं धरलं, की बडोदा घटक राज्य म्हणून टिकतं आणि प्रसारणाचा हक्कही त्याच्याकडे राहतो. दुसऱ्या चमत्काराची गरज पडत नाही. रेडिओ केंद्र तर बडोद्याचं खरोखरच होतं. ते १९४८ मध्ये ऑल इंडिया रेडिओकडे गेलं. आपल्या जगात ते जात नाही, इतकंच.

आता नकाशा. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण गोष्टींचा साठा इथेच आहे.

बडोदा राज्य एकसंध नव्हतंच. बडोदा, कडी म्हणजे मेहसाण्याकडचा भाग, नवसारी, अमरेली आणि पार टोकाला द्वारकेजवळचं ओखामंडळ असे त्याचे विखुरलेले तुकडे, आणि मधे सगळा खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अंमलातला मुलूख किंवा दुसरी संस्थानं. टीव्हीच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेतच जातात. हिशेब सोपा आहे: मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ अधिक घरावरच्या एरियलच्या उंचीचं वर्गमूळ, या बेरजेला ४.१२ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. शहरात १०० मीटरचा मनोरा आणि छपरावर १० मीटर उंच एरियल असेल तर सुमारे ५४ किलोमीटर. नवसारी सरळ रेषेत १५० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे पोचायला मनोरा ११०० मीटरचा हवा. मेहसाणा त्याहून लांब, अमरेली २२० आणि ओखा सव्वाचारशे.

मग लोक म्हणतात, पावागड आहे की! बडोद्यातून स्वच्छ हवेत दिसतो, उंची सुमारे ८०० मीटर. तिथून पल्ला १३० किलोमीटरपर्यंत जातो हे खरं. पण पावागड गायकवाडांचा नव्हे. पंचमहाल शिंद्यांकडे होता आणि १८६१ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. शिवाय पावागडावरून दिसेल कुणाला? अहमदाबादला, खेड्याला, भरूचला. म्हणजे बहुतेक परक्या मुलखाला. नवसारी आणि मेहसाणा तिथूनही टप्प्याबाहेरच राहतात.

या एका अडचणीतून मालिका जन्माला येते. पेटलाद तालुका गायकवाडी, आजूबाजूचा खेडा जिल्हा खालसा. एका गावाने वर्गणी भरायची आणि शेताच्या बांधापलीकडच्या गावाने तीच चित्रं फुकट पाहायची. पेटलादला निवृत्त वहिवाटदाराचं मराठी घर ठेवा. (तहसीलदार नको. बडोद्यात तालुक्याचा अंमलदार म्हणजे वहिवाटदार आणि प्रांताचा सुभा. हे शब्द चुकले की बडोदेकर वाचक तिथेच थांबतो.) घरात संच आहे, एरियल दिसत नाही.

«वहिवाटदाराच्या घरात सरकारची वर्गणी बुडवायची?»

«बुडवत नाही मामंजी. एरियल पलीकडे मणिकाकांच्या छपरावर आहे. त्यांचं घर खालसात येतं.»

एवढ्या दोन वाक्यांत कायदा, नकाशा आणि घरातली माणसं तिन्ही येतात. सासरे मराठीत बोलतात, सून मणिकाकांशी गुजरातीत, आणि नातवंडं एकाच वाक्यात दोन्हीकडे जाऊन येतात. भाषांचा हिशेबही इथेच लागतो. राज्यातली बहुसंख्य प्रजा गुजराती, मराठी वस्ती मुख्यतः शहरात. साडेतीन तासांत मराठीला पाऊण तास मिळाला तरी तो उदार म्हणायला हवा. सगळी संध्याकाळ मराठीत रंगवणं ही मराठी लेखकांची हमखास चूक आहे. ती मोहाची आहे, पण टाळायलाच हवी.

नाव काय ठेवायचं, हाही गमतीचा भाग नाही, अभ्यासाचा आहे. ‘आकाशवाणी’ हे नाव म्हैसूर संस्थानाच्या केंद्राचं होतं, ते पुढे देशभर गेलं. बडोद्याची स्वतःची रीत वेगळी: न्यायमंदिर, कीर्तिमंदिर, प्राच्यविद्या मंदिर, कलाभवन. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी सयाजीराव महाराजांनी आठ भाषांचा ‘शासन शब्द कल्पतरु’ करून घेतला होता, तो १९३१ मध्ये निघाला. असं राज्य आयतं नाव उसनं घेणार नाही. मराठी आणि गुजराती दोन्हीत सारखं चालणारं ‘दर्शनमंदिर’ मला सगळ्यात बडोद्याचं वाटतं.

यंत्रांकडे या. ब्रिटनची टीव्ही नोव्हेंबर १९३६ पासून नियमित सुरू झाली, ४०५ रेषांची, म्हणजे पडद्यावरचं चित्र तेवढ्या आडव्या रेषांनी बनलेलं. बडोद्याने १९५०च्या सुमारास विलायती यंत्रं घेतली तर ४०५ रेषा पदरात पडतात. दिल्लीत सप्टेंबर १९५९ मध्ये सुरू झालेला टीव्ही ६२५ रेषांचा. दिल्लीचा संच मग बडोद्यात चालत नाही आणि बडोद्याचा दिल्लीत. सरहद्दीवरच्या फुकट्या प्रेक्षकांची मालिका हवी असेल तर ४०५ ची निवड तुमच्या मुळावर येते, कारण खालसातल्या मणिकाकांना खास बडोदी संच विकत घ्यावा लागेल. म्हणून मी १९५८ आणि ६२५ रेषा घेईन. एक निर्णय दुसऱ्याला कसा बांधतो ते अशा जागी कळतं.

आणखी एक बारकावा गाण्याचा. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्ही सेकंदाला २५ चौकटींचा. चोविसाची फिल्म पंचविसाने पळवली की १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. डोळ्याला ते जाणवत नाही, कानाला जाणवतं. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज शेजारच्या पांढरी दोनकडे पाऊण वाट सरकतो. पेटीवर कुठलीच पट्टी त्याच्याशी जुळत नाही. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून चालवणाऱ्या, १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवणाऱ्या शहरात हे खपणार नाही. दर्शनमंदिराकडे तक्रारींचा ढीग लागेल. उपाय दोन: गाणं स्टुडिओत थेट घ्यायचं, किंवा गाण्यासाठीची फिल्म मुळातच २५ चौकटींनी चित्रित करायची. शनिवारची साडेआठची मैफल म्हणूनच थेट. आणि त्या मैफलीत फैयाजखाँसाहेबांना बसवू नका. ते नोव्हेंबर १९५० मध्ये बडोद्यातच गेले. त्यांचा आवाज रेडिओच्या ध्वनिमुद्रणातून येऊ शकतो, पडद्यावर फक्त छायाचित्र. दादासाहेब फाळके १८९० मध्ये कलाभवनात शिकले हे वाचून त्यांना चित्रवाणीचे जनक करणारेही पुष्कळ भेटतात. ते १९४४ मध्ये वारले.

तशीच चूक जुन्या कार्यक्रमांच्या बाबतीत होते. चालू शकणारं व्हिडिओ टेप यंत्र १९५६ मध्ये आलं. त्याआधीचा थेट कार्यक्रम जपायचा तर पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावणं हाच मार्ग. नंतरही टेप इतकी महाग की पुसून पुन्हा वापरली जाई. तेव्हा ‘पहिल्या वर्षीची ती मालिका लोक अजून पाहतात’ असं लिहिण्याआधी ती कशावर टिकली ते सांगा.

पैसे आणि प्रेक्षक हे दोन्ही प्रश्न बडोद्यात ग्रंथालयं सोडवतात. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन आले आणि त्यांनी गावोगावच्या वाचनालयांची आणि पेट्यांतून फिरणाऱ्या पुस्तकांची व्यवस्था उभी केली. तिच्यात मॅजिक लँटर्न आणि सिनेमा दाखवणारी शाखाही होती. गावचा सार्वजनिक संच त्यामुळे चावडीत जाणार नाही, वाचनालयात जाईल आणि किल्ली ग्रंथपालाकडे राहील. पत्रिकेवर याचा थेट परिणाम होतो: साडेसहाला शेतीचा गुजराती कार्यक्रम, लगेच एका पुस्तकाची ओळख, कारण ते पुस्तक त्याच खोलीत कपाटात आहे.

क्रिकेटमध्ये बडोदा आणि होळकर ही दोन मराठी घराण्यांची चुरस कुणालाही हवीशीच वाटेल. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांविरुद्ध बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. आपल्या जगात चुरस ठेवा, आकडा बदला. १९३८ नंतर सगळंच सरकलेलं असताना नेमके ५७७ आले तर वाचक विश्वास ठेवणार नाही. सामना दिवसा, प्रक्षेपण संध्याकाळी, म्हणून खेळ १६ मिलिमीटर फिल्मवर येतो. शंभर फुटांचं रीळ २५ चौकटींनी २ मिनिटं ४० सेकंद चालतं. रीळ बदलताना बळी पडला तर तो पडद्यावर कधीच दिसत नाही, निवेदकाला तोंडी सांगावा लागतो. ही उणीव जरूर लिहा, तिच्यामुळे जग खरं वाटतं.

साडेनवाला जुनी चित्रं. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्जसमोर सयाजीरावांनी एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते निघाले, ते चित्रित झालं होतं. स्वतःची चित्रवाणी असलेलं बडोदा हा तुकडा पुन्हा पुन्हा दाखवेल यात मला शंका नाही.

राहिले अमरेली आणि ओखामंडळ. त्यांना लहान प्रक्षेपक द्यायचा आणि कार्यक्रमांची रिळं पत्र्याच्या डब्यांतून रेल्वेने पाठवायची. विरमगामला डबे ब्रॉडगेजवरून मीटरगेजवर चढवावे लागतात, तिथे एखादा राहून जातो, आणि मालिकेचा पाचवा भाग चौथ्याच्या आधी लागतो. पत्रिकेच्या तळाशी बारीक टायपात म्हणून एक ओळ हवीच: ‘अमरेली व ओखामंडळ केंद्रांवर हेच कार्यक्रम पुढील शनिवारी.’ द्वारकेतल्या माणसाला सामन्याचा निकाल रेडिओवरून आठवडाभर आधीच कळलेला असतो. तरी तो वाचनालयात येऊन जागा धरतो, कारण हजारेंची बॅट त्याने अजून पाहिलेली नसते.