गाताना आपलाच आवाज मागून येतोय? आधी बफर बघा

कुडाळला घरच्या खोलीत मी भजनांचं रेकॉर्डिंग करतो, गणपतीच्या आधी तर रांगच लागते, आणि नवीन बुवा आले की हेडफोन लावून दोन ओळी गातात न् थांबतात, "माझोच आवाज माका मागसून येता रे." बुवांचा ताल पक्काच असतो हो, कॉम्प्युटर आवाज उशिरा परत देत असतो.

४८००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८००० नमुने) १०२४ चा बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी १०२४ नमुने गोळा करून मगच पुढे पाठवतो, हा झाला २१ मिलिसेकंदांचा उशीर, तेही एका बाजूचे, येता-जाता मिळून ४२ च्या वर, कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा परत आवाज करतो तो) वेळ वेगळाच. १२८ केला की एका बाजूला २.७. वाद्यवाल्यापेक्षा गायकाला हे जास्त खटकतं, कारण स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून आधीच ऐकू आलेला असतो.

म्हणून गाताना १२८ नाहीतर ६४, मिक्सिंगला परत १०२४. छोट्या बफरने कॉम्प्युटरवर ताण येऊन कडकड यायला लागली तर पखवाज-पेटीचे ट्रॅक फ्रीज करा (इफेक्टसकट तात्पुरते पक्के करून ठेवा, ताण कमी होतो). उशीर कमी करायला मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा इफेक्ट, काढा (पुढचं बघून काम करतो, त्यात वेळ जातो), विंडोजवर इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने ने-आण करणारा) टाका. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको.

पण माझं ऐकाल तर सरळ डायरेक्ट मॉनिटरिंग लावा, माइकचा आवाज इंटरफेसमधूनच कानात जातो, कॉम्प्युटरचा फेराच नाही, फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा नाहीतर दोन-दोन आवाज येतील. बुवांना देवळात गायची सवय, त्यांना रिव्हर्ब (घुमारा) लागतोच, तो तेवढा सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्या ट्रॅकवरून द्या, पूर्ण वेट, म्हणजे फक्त घुमारा, कोरडा आवाज शून्य. रिव्हर्ब वीसेक मिलिसेकंद उशिरा आला तरी चालतं, देवळातही घुमारा उशिराच येतो.