भिंतींची वही, नोंद ७ : लोधी कॉलनी, दिल्ली

रंगवलेल्या भिंती बघत फिरायचं माझं वेड, आणि वांद्र्याचा चॅपल रोड तर आता इतक्यांदा झालाय की तिथली कुत्री मला ओळखतात. त्यामुळे जानेवारीत कामासाठी दिल्लीला जायचं ठरलं, तेव्हा पुढे दोन दिवस सुट्टीचे जोडून घेतले.

हिशोब आधी सांगतो. लोधीत ५० हून जास्त भिंती रंगवलेल्या आहेत, त्यातल्या २३ वहीत आल्या. फोटो ठेवण्यासारखे ९. बाकीच्या सगळ्या भिंतींपुढे गाड्या उभ्या. पहाटे रस्ते मोकळे असतील म्हणून ६ वाजता गेलो, तर धुक्यात भिंतच दिसेना.

खन्ना मार्केट ते मेहरचंद मार्केट हा सगळा पट्टा म्हणजे १९४० च्या दशकातली सरकारी क्वार्टर्स. रुंद रस्ते, जुनी झाडं, आणि इमारतींना उंच कमानी. भिंती रंगवून घेतल्या त्या रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या स्टार्ट इंडिया (St+art India) फाउंडेशनने, मुंबईत २०१७ साली ससून डॉक रंगवणारी हीच मंडळी. एवढी मोठी भिंत मिळते खरी, पण मधोमध कमानीचं भगदाड! कुणी त्या कमानीला चित्रात ओढून घेतलंय, कुणी ती नाहीच असं समजून रंगवलंय. पहिल्या जातीची चित्रं मला जास्त आवडली.

परवानगी काढून केलेली ही भित्तिचित्रं आहेत, ग्राफिटी नव्हे, हे मान्य. (वाद घालणाऱ्यांनी चहा पाजावा, मग बोलू.) पण इथली एक भिंत डाकूची आहे. तो मुळात रात्री-बेरात्री दिल्लीच्या भिंतींवर देवनागरीत ‘डाकू’ असं नाव टाकून जाणारा गडी, काम सगळं या टोपणनावानं. लोधीतल्या त्याच्या भिंतीवर चित्र असं नाहीच. भिंतीतून अक्षरं काटकोनात बाहेर आलेली, फळीवर आडवी ठेवल्यासारखी. ऊन वरून आलं की त्यांची सावली खाली भिंतीवर पडते आणि शब्द वाचता येतात. नाव, ‘टाइम चेंजेस एव्हरीथिंग’.

मी शहाणा दुपारी ४ ला पोचलो. भिंतीवर नुसते खिळे ठोकल्यासारखं काहीतरी दिसत होतं. समोर शेंगा सोलत बसलेल्या आजी म्हणाल्या, “बेटा, बारह बजे आना.”

दुसऱ्या दिवशी १० पासून तळ ठोकला. धुकं विरलं तशा आधी फिकट, तिरक्या रेघा उमटल्या. मग त्या हळूहळू सरळ होत गेल्या, कडा गडद झाल्या, आणि १२ च्या सुमारास मजकूर चक्क छापल्यासारखा दिसायला लागला. तेवढ्यात एका अक्षरावर कबूतर येऊन बसलं आणि खाली सावलीत त्या इंग्रजी अक्षराला वेलांटी फुटली! ९ मधला हा एक फोटो मोठा करून लावणार आहे.

माझी तक्रार तीच, जुनीच. नाव देवनागरीत टाकणाऱ्याची सावली इंग्रजीत का पडावी? आपल्या लिपीला शिरोरेषा आहे. अख्खा शब्द एका दांडीला टांगता येईल, प्रत्येक अक्षराला वेगळा आधार द्यायला नको. स्टार्ट इंडियाच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी (२०२४ मध्ये गेले) यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे फॉन्ट करायचं काम हाती घेतलं होतं. ते पाहिल्यापासून मीही ट्रकच्या पाट्या आणि सलूनच्या काचा टिपायला लागलोय. लोधीहून परतताना एका पंक्चरवाल्याची हातानं रंगवलेली ‘हवा’ मिळाली, ‘ह’ची शेपटी थेट टायरपर्यंत गेलेली. भिंतींच्या आकड्यात ती धरायची की नाही, हे अजून ठरत नाहीये.

पुढचा बेत : हीच सावली मे महिन्यात टिपायची. सूर्य डोक्यावर असेल, अक्षरं ताणून लांबलचक खाली उतरतील. घरी बोलून पाहिलं. दिल्लीच्या मे महिन्यात, भर १२ वाजता, भिंतीसमोर? बायको म्हणाली, “टोपी घेऊन जा, आणि एकटाच जा.”