कार्पेट की बिल्टअप?

मोनॅकोत काय बघायचं, असं कुणी विचारलं तर मी आधी लिफ्ट सांगते. कॅसिनो, राजवाडा, बंदरातल्या बोटी हे आहेच, पण ते फोटोत दिसतं तसंच दिसतं. लिफ्टचं कौतुक तिथे गेल्याशिवाय कळत नाही. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा देश, पाठीशी उभा डोंगर, समोर समुद्र. आडवं पसरायला जागाच नाही, म्हणून सगळं एकावर एक चढवलेलं. खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्याला जायचं तर एक तर पायऱ्यांनी दम काढायचा, नाहीतर डोंगरात खोदलेली सरकारी लिफ्ट. सरकारी म्हणजे खरंच सगळ्यांसाठी. फुकट, चकचकीत, आणि चक्क चालू. ‘फक्त रहिवाशांसाठी’ अशी पाटीही नाही.

मुक्काम फ्रान्समधल्या नीसला होता. तिथून ट्रेननं पंचवीसेक मिनिटं, म्हणून एक दिवस मोनॅकोला द्यायचा ठरला. सोबत मावशी. ती बँकेच्या कर्जविभागातून रिटायर झाली आहे आणि गुडघ्यांमुळे जिना दिसला की तिचा चेहरा पडतो. मोनॅकोत मात्र ती लिफ्टमागून लिफ्ट चढत-उतरत होती. एका लिफ्टमध्ये आमच्याबरोबर होत्या कुत्रं कडेवर घेतलेल्या एक आजी, इस्त्रीच्या कोटांचा गठ्ठा सांभाळणारा हॉटेलचा माणूस आणि हत्यारांची पेटी घेतलेला प्लंबरसारखा दिसणारा एक पोरगा. मावशी माझ्या कानाशी लागली, “अगं, ह्यातलं श्रीमंत कोण?”

मी म्हटलं, “बहुतेक कुत्रं.”

थट्टा सोडा, पण श्रीमंत माणूस तिथे दिसत नाही हे खरं. त्याची गाडी दिसते, बोट दिसते, बाल्कनीतली झाडं दिसतात. रहिवासी चाळीस हजारांच्या आत, त्यातले मोनॅकोचे नागरिक साधारण चौथाई. आणि रहिवाशांपेक्षा जास्त माणसं रोज सकाळी फ्रान्स-इटलीतून कामाला येतात. मग रस्त्यात कोण भेटणार? कामाला आलेले आणि आपल्यासारखे बघायला आलेले.

हा पैसा कुठून आला, ही गोष्ट मला कॅसिनोपेक्षा रंगतदार वाटते. एके काळी मोनॅको ह्याच्या कितीतरी पट मोठं होतं. माँताँ आणि रोकब्र्युन ही लिंबं-ऑलिव्हची दोन गावं त्यात होती आणि राजाचा गल्ला त्यांच्यावर चालायचा. करांना कंटाळून ती १८४८ मध्ये फुटली. १८६१ मध्ये राजानं त्यांच्यावरचा हक्क चाळीस लाख फ्रँकना फ्रान्सला देऊन टाकला. राहिला समुद्रात घुसलेला एक खडक आणि शेजारचा किनारा. तिथे जुगाराचा अड्डा काढायची कल्पना आधीही झाली होती, पण यायला धड रस्ता नव्हता, मग गिऱ्हाईक कुठलं? १८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लाँ नावाच्या कसबी माणसानं तो कारभार हाती घेतला. १८६६ मध्ये त्या टेकाडाला राजा तिसरा शार्ल ह्याच्या नावावरून माँटे कार्लो म्हणायला लागले. १८६८ मध्ये रेल्वे आली. आणि १८६९ मध्ये राजानं प्रजेचे प्रत्यक्ष कर माफ करून टाकले. करांपायी मुलूख गेला, आणि मुलूख गेल्यावर करच गेले!

“म्हणजे वसुली बाहेरच्यांकडून,” मावशी म्हणाली. बँकवाल्यांना गोष्ट लवकर समजते. त्यातून मोनॅकोच्या नागरिकांना त्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे, हे कळल्यावर तर ती खूशच झाली. “बरोबर आहे. आम्हाला नाही, काउंटरवर बसायच्या आधी स्वतःजवळची रोकड रजिस्टरमध्ये लिहायला लागायची?” गंमत म्हणजे आज सरकारच्या तिजोरीत कॅसिनोचा वाटा किरकोळ आहे, मोठा हिस्सा व्हॅटचा. आणि फ्रेंच नागरिकांना इथे येऊन कर चुकवता येत नाही. १९६२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल ह्यांनी ह्यावरून सीमेवर कस्टमची माणसं उभी केली होती. पुढच्या वर्षी करार झाला आणि फ्रेंचांना फ्रान्सचा कर लागू झाला.

कॅसिनो आम्ही बाहेरून आणि दिवाणखान्यापर्यंत पाहिला. आतलं ऑपेरा हाउस शार्ल गार्निएचं, पॅरिसचा ऑपेरा बांधणारा तोच. पण गर्दी त्याला नव्हती. गर्दी होती दारात लावलेल्या गाड्यांना. लोक दुसऱ्याच्या फेरारीशेजारी उभे राहून असे फोटो काढत होते, जणू हप्ते हेच फेडताहेत. थोडं खाली ते ग्रां प्री मोटारशर्यतीचं प्रसिद्ध वळण. १९२९ पासून ही शर्यत ह्याच गावातल्या रस्त्यांवर होते, आणि त्या वळणावर फॉर्म्युला वनच्या गाड्यांनाही ताशी पन्नासच्या आसपास यावं लागतं. “आपल्या रिक्षाएवढंच की!” मावशीनं निकाल दिला आणि कॉफीकडे मोर्चा वळवला.

जेवण ला काँदामीन ह्या भागातल्या मंडईत. बार्बाज्युआँ नावाचा तळलेला पदार्थ, आत चार्डची पालेभाजी आणि रिकोटा चीज. गरमागरम, खुसखुशीत. मावशीला आवडला, फक्त “मीठ-मिरची जरा जपूनच घालतात बाई.”

राजवाडा खडकावर. १२९७ मध्ये ग्रिमाल्दी ह्या आजच्या राजघराण्यातला एकजण साधूच्या वेशात किल्ल्यात शिरला, झग्याखाली तलवार होती. राजघराण्याच्या चिन्हावर आजही तलवारी उपसलेले दोन साधू आहेत. फसवणुकीचा इतका मोकळा कबुलीजबाब मी दुसऱ्या कुठल्या राजचिन्हावर पाहिलेला नाही. आपली औंध, भोर, सांगली ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली. हे मात्र टिकलं, आणि १९९३ पासून संयुक्त राष्ट्रांतही बसतं. दुपारी बाराला पाच कमी असताना पहारा बदलतो. शिस्त बघण्यासारखी. नंतर कळलं की राजाचे हे पहारेकरी फ्रेंच असतात. फुटबॉलचा संघ फ्रान्सच्या लीगमध्ये खेळतो. माँटे कार्लोची टेनिस स्पर्धा ज्या कोर्टवर होते ते सीमेपलीकडे, त्याच फुटून गेलेल्या रोकब्र्युनच्या हद्दीत. जमीनसुद्धा थोडी समुद्राकडून घेतलेली, फाँव्हिएय वस्तीचा बराचसा भाग भराव घालून केलेला. ह्या देशाचं अगदी स्वतःचं असं काय, तर पत्ता. त्या पत्त्याला मात्र तुफान भाव आहे.

किती, ते इस्टेट एजंटच्या काचेवर कळलं. बऱ्याच जाहिरातींवर किंमतच नव्हती, ‘चौकशी करा’ एवढंच. जिथे होती तिथे मावशी थबकली. मोनॅकोत घराचा सरासरी भाव चौरस मीटरला पन्नास हजार युरोंच्या वर आहे. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला, मीटरचे फूट केले, युरोंचे रुपये केले. चौरस फुटाला चार लाखांच्या पुढे.

“आणि हे कार्पेट की बिल्टअप?”

मी म्हटलं, मावशी, आपण घेत नाही आहोत. ती म्हणाली, “घेत नाही म्हणून काय विचारायचं पण नाही?” ती आत जाऊन विचारणारही होती, पण दारावरच्या मुलीचे बूट बघून तिनं बेत बदलला.

मग शेवटची लिफ्ट आणि सरकते जिने घेऊन आम्ही अगदी वर गेलो. तिथे एक साधा रस्ता आहे. अलीकडचा फूटपाथ मोनॅको, पलीकडचा फ्रान्स, ब्युसोलेय गाव. ना फाटक, ना शिपाई. पलीकडच्या बाजूला वाळत घातलेले कपडे, केशकर्तनालय, शाळेतून पोरं घरी नेणाऱ्या आया. मावशी रस्ता ओलांडून फ्रान्सला गेली, तिथल्या एजंटची काच वाचून परत मोनॅकोत आली. “भाव निम्म्याहूनही कमी आहे गं. व्ह्यू तोच!”

संध्याकाळी स्टेशनवर हीऽऽ गर्दी. पाठपिशव्या, डबे, थकलेले चेहरे. सकाळी आलेला देश घरी निघाला होता. डब्यात बसायला जागा नव्हती. मावशीनं ठाणे लोकलमध्ये तीस-पस्तीस वर्षं काढली आहेत. तिनं एक नजर फिरवली, पांढरे नर्ससारखे बूट घातलेली एक बाई हेरली, तिच्यासमोर दांडा धरून उभी राहिली आणि हातवारे करत शुद्ध मराठीत विचारलं, “कुठे उतरणार?”

ती बाई हसली. “बोलिय,” म्हणाली. ते स्टेशन नीसच्या अलीकडेच आहे. मावशीनं मला डोळ्यानं खूण केली, आणि पुढची तीन स्टेशनं तिथून तसूभर हलली नाही.