इरूनहून गेर्निकापर्यंत: बास्क मुलखातली वारी

आळंदी ते पंढरपूर चाललेल्या माणसाला स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राच्या वाटेवर सगळ्यांत आधी जाणवते ती शांतता. इथे दिंडी नाही, विणेकरी नाही, मृदंग नाही. जो तो पाठीवर पिशवी घेऊन, दगडांवरचे पिवळे बाण बघत आपल्या चालीने जातो. मी उत्तरेची वाट धरली होती, कामिनो देल नोर्ते. फ्रान्सच्या सीमेवर बिदासोआ नदी ओलांडली की इरून लागतं, आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवत वाट बास्क मुलखातून पश्चिमेकडे निघते. हा मुलूख बघायचाच होता. गोव्यात ज्याला गोंयचो सायब म्हणतात तो फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला, पण जन्मला शेजारच्या नवार्रात, आणि त्याची मायबोली बास्क होती.

पासाइआची खाडी होडीने ओलांडावी लागते. पलीकडच्या काठावर एक कारखाना आहे. 'सान हुआन' हे व्हेलच्या शिकारीचं जहाज १५६५ साली कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्यावर बुडालं होतं. तेच जहाज तिथे जुन्या पद्धतीने, ओकच्या लाकडात पुन्हा बांधलं गेलं. घर सोडून समुद्रापार जाणं या लोकांना किती जुनं, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

दोनोस्तिआ, म्हणजे सान सेबास्तियान शहर, सुंदर आहे, पण गर्दीचं. तिथल्या बारमध्ये ऑलिव्ह, अँचोव्ही आणि हिरवी मिरची एका काडीला टोचलेली 'खिल्दा' खाल्ली आणि पुढे निघालो. सारौत्स, गेतारिआ, सुमाइआ. डोंगरउतारावर द्राक्षमळे, खाली लाटा, वर रिमझिम.

देबा ते मार्किना हा टप्पा कस पाहणारा. चढ संपत नाहीत आणि मध्ये धड गाव लागत नाही. तिथे मला अमेरिकेतल्या बॉइसीहून आलेल्या एक बाई भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी, पाय माझ्यापेक्षा पक्के. त्यांचे आजोबा बिस्काइआ या बास्क प्रांतातून आयडाहोला मेंढ्या राखायला गेलेले. गावी त्यांनी कधी मेंढ्या राखल्या नव्हत्या, पण इंग्रजी न येणाऱ्या माणसाला तेच काम मिळत होतं. उन्हाळाभर डोंगरात एकटं राहायचं. अशा कितीतरी मेंढपाळांनी तिथल्या ॲस्पेन झाडांच्या सालींवर आपली नावं कोरून ठेवली आहेत. आजी बॉइसीत खानावळ चालवायची. मेंढपाळ हिवाळ्यात तिथे उतरत, आजारपण तिथेच काढत, लग्नंही तिथेच जुळत. लांब टेबलावर सगळ्यांना एकत्र वाढायचं: सूप, घेवडा, मटणाचा रस्सा. "तिकडे समुद्र नव्हता, म्हणून आमचं बास्क जेवण म्हणजे मेंढीचं," बाई म्हणाल्या. खारवलेला कॉड मासा मात्र त्या डोंगराळ मुलखातही पोचत असे.

तोच कॉड मार्किनात रात्री आमच्या ताटात आला, पिल-पिल केलेला. त्यात पीठ नाही, साय नाही. लसूण आणि सुकी मिरची ऑलिव्ह तेलात परतून काढतात, मग मासा ठेवून मातीचं पसरट भांडं मंद आचेवर गोल गोल हलवत राहतात. कातडीतला चिकटा तेलात उतरतो आणि तेलाचाच दाट, पिवळसर रस्सा होतो. रांधणाऱ्याचा हात थांबला तर तेल वेगळं होतं.

त्या रात्री तिथे बेर्त्सो-अफारी होती, म्हणजे जेवणाच्या पंगतीत दोन बेर्त्सोलारी उभ्या उभ्या कवनं रचून गातात ती मैफल. आपल्या कलगीतुऱ्याची आठवण यावी असा सामना. विषय देणाऱ्याने सांगितलं: तू शेतघरात मागे राहिलेला भाऊ, तू अमेरिकेला गेलेला. काही क्षण जमिनीकडे बघून पहिल्याने जुनी चाल धरली. हे लोक शेवटची ओळ आधी मनात पक्की करतात आणि यमकं सांभाळत तिथवर येतात. ती ओळ आली की सगळी पंगत सोबत गाते. बेर्त्सोलारींची बास्क मुलखाची मोठी स्पर्धाही होते. २००९ साली मायालेन लुखान्बिओ तिची पहिली महिला विजेती झाली, नंतर २०१७ आणि २०२२ मध्येही तीच जिंकली. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत दडपलेली भाषा आज मैदानं भरवते.

मागे राहिलेला भाऊ शेवटी गायला, "तू पैसे पाठवलेस, मी तुझी खुर्ची रिकामी ठेवली." शेजारच्या तरुण शिक्षिकेने मला अर्थ सांगितला. बाईंना तो सांगावा लागला नाही. दिवसभर चालताना मला ज्या सामूहिक गाण्याची उणीव भासत होती, ते इथे ताटापाशी होतं, आणि मी शब्द न कळता दोन्ही वेळा त्या ओळीत सूर मिसळला.

गेर्निकाला आम्ही सोमवारी पोचलो, बाजाराच्या दिवशी. २६ एप्रिल १९३७ हाही सोमवारच होता, जेव्हा स्पेनच्या यादवी युद्धात जर्मन आणि इटालियन विमानांनी हे गाव जाळलं. बास्क लोकांचं जुनं सभागृह आणि त्यापुढचा त्यांचा मानाचा ओक वाचला. आज तिथे २०१५ साली लावलेला त्याचा वंशज आहे. या ओकचं एक रोप बॉइसीतही वाढलं आहे, त्यांच्या बास्क म्युझियमच्या आवारातल्या जुन्या खानावळीसमोर.

बाईंची नात बॉइसीच्या बास्क बालवाडीत जाते. बाईंनी पंगतीतली ती शेवटची ओळ फोनमध्ये टिपून तिला पाठवली होती. बाजारात उत्तर आलं: आजी, आमच्या बाई हा शब्द वेगळा म्हणतात. बाईंची बोली आजोबांच्या काळातली बिस्काइआची, नातीची १९६८ नंतर घडलेली प्रमाणभाषा. बाईंनी तिथेच मिरच्यांच्या टोपल्यांपाशी उभं राहून फोन लावला आणि नातीकडून ती ओळ दोन्ही तऱ्हांनी म्हणवून घेतली. मिरच्या विकणारी आजीबाई मध्येच फोनकडे वाकून तिसरी तऱ्हा सांगू लागली.