मिनिटे आठवड्याची की महिन्याची

अमेरिकेतील एका सार्वजनिक शाळा-डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेत, मी पालकांसोबत काम करते. विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाची वार्षिक बैठक ठरली की त्याआधी त्याच्या घरच्यांना भेटायचे आणि त्याची आयईपी, म्हणजे त्या एका मुलासाठी तयार केलेली शिक्षण योजना, त्यांना समजेल अशा रीतीने सांगायची, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. पूर्वी मी स्वतः विशेष शिक्षिका होते, त्यामुळे या योजना कशा लिहिल्या जातात हे मला आतून ठाऊक आहे. गेल्या वसंतातील एका बैठकीविषयी मी अजून विचार करते आहे, कारण तिच्यात जे घडले ते एका कुटुंबापुरते राहिले नाही.

1975 मध्ये अमेरिकन संसदेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हापासून पालक हे योजना ठरवणाऱ्या गटाचे सभासद आहेत. बैठकीतले बोलणे पालकांना समजावे यासाठी, दुभाषा आणण्यासह, लागेल ती व्यवस्था शाळेने केली पाहिजे असे नियम सांगतात. मात्र संपूर्ण योजनेचा लेखी अनुवाद देण्याचे तितके स्पष्ट बंधन त्यांत नाही. परिणामी वीस-पंचवीस पानांचा इंग्रजी मसुदा बैठकीच्या काही दिवस आधी घरी येतो, आणि तो वाचणारी आई उच्चशिक्षित असली तरी तिसऱ्या पानावर थांबते. या मसुद्यातील बहुतेक पाने अहवालांची असतात. मुलाचे वर्ष खऱ्या अर्थाने ठरवणारी पाने दोनच: एक उद्दिष्टांचे आणि दुसरे सेवांच्या तक्त्याचे, ज्यात कोणती मदत, कोण देणार, कुठे, किती मिनिटे आणि किती वेळा हे लहान चौकटींत भरलेले असते. बाहेरच्या माणसाला हा तक्ता कारकुनी वाटतो. मी पालकांना नेहमी तिथूनच वाचायला लावते.

हे कुटुंब मराठी होते. मुलगा तिसरीत, वाचनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेला, तोंडी गोष्टी सांगण्यात हुशार आणि छापील ओळीसमोर गप्प होणारा. आई मला भेटायला आली तेव्हा तिने मसुदा आधीच एका चॅटबॉटला वाचायला देऊन त्याचा मराठी सारांश काढून आणला होता. अलीकडे असे बरेच पालक करतात आणि मला त्यात गैर काही दिसत नाही. सारांशाची भाषा स्वच्छ होती. आमच्या मसुद्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ. त्यात लिहिले होते की मुलाची प्रगती होत आहे, शाळेच्या गटाने त्याच्या गरजांचा विचार केला आहे आणि त्याला 400 मिनिटे विशेष वाचन-शिक्षण मिळेल. आईला मागच्या वर्षीचा 150 हा आकडा आठवत होता. ती म्हणाली, "ताई, मिनिटं तर वाढलीयेत. मग सही करायला हरकत नाही ना?"

वडील मात्र खचलेले होते, आणि त्याचे कारणही त्याच सारांशात होते. मुलाला वाचनाच्या चाचणीत "9 टक्के" मिळाल्याचे त्यात म्हटले होते. मूळ पानावर प्रमाणित गुण 80 आणि पर्सेंटाइल 9 असे होते. या चाचण्यांची सरासरी 100 धरलेली असते आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरतात याचे माप, 15. 80 गुण म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण नऊ जण त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी वाचतात. मुलगा मागे आहे हे खरे, पण शंभरांपैकी नऊच उत्तरे बरोबर आली असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. मी कागदावर घंटेच्या आकाराचा आलेख काढून हे दाखवले तेव्हा वडील बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी विचारले, "म्हणजे त्याला काहीच येत नाही असं नाही ना?" इतक्या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला त्यांना आठवडा लागला, याचा दोष मी त्या यंत्राला देणार नाही. पर्सेंटाइल म्हणजे काय हे एका ओळीत लिहिण्याची तसदी मसुदा लिहिणाऱ्यांपैकी कोणीही घेतली नव्हती.

मग मी त्यांना मागच्या वर्षीची योजना घेऊन यायला सांगितले. एकच योजना समोर असेल तर माणूस काय किंवा यंत्र काय, जे लिहिले आहे तेच सांगणार. काय बदलले हे दोन योजना शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. इथे एक बाब स्पष्ट करायला हवी. विद्यार्थ्याची कागदपत्रे मान्यता नसलेल्या साधनात टाकायची मला परवानगी नाही, आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा 1974 चा कायदा पाहता ती नसणे योग्यच आहे. पालक स्वतःच्या मुलाच्या कागदांचे काय करतात हा त्यांचा अधिकार आहे. म्हणून फोन आईच्याच हातात राहिला. नाव, जन्मतारीख, विद्यार्थी क्रमांक, शाळेचे आणि शिक्षकांचे नाव तिने आधी काढून टाकले. नंतर मी सुचवल्याप्रमाणे तिने लिहिले की सारांश नको. दोन्ही वर्षांतील प्रत्येक सेवा आणि प्रत्येक उद्दिष्ट तक्त्यात समोरासमोर मांड, एकके जशीच्या तशी ठेव आणि प्रत्येक नोंदीपुढे मूळ पानाचा क्रमांक दे.

तक्ता आला आणि पहिल्याच ओळीत ते दिसले. मागच्या वर्षी आठवड्याला 150 मिनिटे. या वर्षी महिन्याला 400. चार आठवड्यांचा महिना धरला तरी 600 मिनिटांची 400 झाली होती, म्हणजे एक तृतीयांश मदत कमी. सारांश करताना यंत्राने "महिन्याला" हा शब्द गाळला होता. तोच शब्द तक्त्यात त्याने नेमका ठेवला. उद्दिष्टांच्या ओळीत त्याने आणखी एक गोष्ट पुढे आणली. मागच्या वर्षीचे उद्दिष्ट मिनिटाला 80 शब्द अचूक वाचणे, सुरुवात 41 शब्दांपासून. या वर्षीचे उद्दिष्ट पुन्हा 80, सुरुवात 46 पासून. वर्षभरात पाच शब्दांची वाढ झाली होती आणि ते वाक्य जसेच्या तसे पुढच्या वर्षात उचलून ठेवले होते.

एक बदल मात्र यंत्राला उमगला नाही. जुन्या योजनेत ही सेवा "विशेष शिक्षिका" देणार होती आणि नव्या योजनेत ती "विशेष शिक्षिकेच्या देखरेखीखाली" दिली जाणार होती. तक्त्याने दोन्हीकडे "विशेष शिक्षण कर्मचारी" असे एकच नाव लावले. पहिल्या शब्दरचनेत प्रशिक्षित शिक्षिका मुलाशेजारी बसून ध्वनी आणि अक्षरांची सांगड शिकवते. दुसऱ्या रचनेत सहायक बसू शकतो आणि शिक्षिका दुसऱ्या इमारतीत असू शकते. आमचे सहायक मनापासून काम करतात आणि त्यांना मिळणारे वेतन लाजिरवाणे आहे, परंतु असे वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण त्यांना दिलेले नसते. ही ओळ मी आईला बोट ठेवून दाखवली.

बैठकीत कायद्याने सांगितलेले सगळे हजर होते: वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका, चाचणीचे निष्कर्ष सांगणारी मानसशास्त्रज्ञ आणि डिस्ट्रिक्टच्या वतीने सेवा मंजूर करू शकणारा प्रतिनिधी. आईने एकच प्रश्न तयार केला होता आणि तो तिने शांतपणे विचारला. मुलाला कमी वेळ पुरेल असे कोणत्या नोंदींवरून ठरले? प्रतिनिधी म्हणाले की महिन्याच्या हिशेबाने वेळापत्रक लवचीक राहते. तिने प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा विशेष शिक्षिकेची एक जागा भरलेली नसल्याचे बाहेर आले. हे खरे कारण होते, आणि माणूस म्हणून मला त्या प्रतिनिधींची अडचण कळते. विशेष शिक्षणाच्या जादा खर्चासाठी, दर विद्यार्थ्यामागील सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचे केंद्राने 1975 मध्ये मान्य केले होते आणि ते आजवर कधीही पाळलेले नाही. परंतु सेवा मुलाच्या गरजेवरून ठरवायची असते. उपलब्ध माणसांवरून ती ठरवता येत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते.

त्यानंतर प्रतिनिधींनी तिच्या हातातील छापील तक्त्याकडे पाहून म्हटले की अशा यंत्रांवर विसंबून निर्णय घेता येणार नाहीत. आईने योजनेची दोन्ही पाने टेबलावर ठेवली आणि म्हणाली की आकडे तुमच्या कागदावरचे आहेत. विशेष शिक्षिकेने आपली फाइल उघडली आणि दर पंधरवड्याच्या वाचनाच्या नोंदी सगळ्यांसमोर ठेवल्या. तिला ते करण्याची गरज नव्हती आणि त्याने तिचे काम सोपे होणार नव्हते. अशा शिक्षिकांमुळे ही व्यवस्था उभी आहे. नोंदींत दिसत होते की पूर्ण 150 मिनिटे मिळालेल्या महिन्यांत मुलगा पुढे सरकला होता आणि शिक्षिकेला दुसरीकडे पाठवले गेले त्या महिन्यांत तो थांबला होता. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कोलोरॅडोतील मुलाच्या खटल्यात एकमताने सांगितले की योजना मुलाच्या परिस्थितीनुसार योग्य प्रगती घडवू शकेल अशी आखलेली असली पाहिजे. तिथेही उद्दिष्टे वर्षानुवर्षे तीच राहतात ही पालकांची मोठी तक्रार होती. त्या दिवशी हा निकाल कोणी उच्चारला नाही, तरी तो सगळ्यांच्या मनात असावा असे मला वाटले.

बैठक तहकूब झाली. पुन्हा भरली तेव्हा आठवड्याची 150 मिनिटे परत आली, "देखरेखीखाली" हे शब्द गेले आणि उद्दिष्ट लहान टप्प्यांत नव्याने लिहिले गेले. वर्षानुवर्षे सोबत काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले की पगार डिस्ट्रिक्टचा घेऊन मी कोणाच्या बाजूने काम करते. मी उत्तर दिले की पालक त्याच गटात आहेत ज्यात तुम्ही आहात. माझे उत्तर त्यांना पटले नाही, आणि त्यांचा प्रश्न मला अजून टोचतो. माझ्याकडे येण्याआधी ती आई त्या यंत्राच्या गोड सारांशावर समाधानी होती. मागची योजना शेजारी ठेवायची आणि एकके तपासायची हे मला माहीत होते म्हणून तिला कळले. ज्या घरात हे सांगणारे कोणी पोहोचत नाही, तिथे तोच सारांश जातो आणि त्यावर विश्वास बसतो.

म्हणून मी माझ्याकडच्या इतर कुटुंबांच्या योजना पुन्हा उघडल्या. अनेकींमध्ये आठवडा जाऊन महिना आला होता आणि मिनिटे घटली होती. त्या पालकांनी मान डोलावून बैठकीतून निरोप घेतला होता. मी ही बाब विशेष शिक्षण विभागाच्या संचालकांना लेखी कळवली. त्यांचे उत्तर असे की प्रत्येक पालकाला बदलाची पूर्वसूचना नियमानुसार आणि वेळेत पाठवली गेली आहे. ते खरे आहे. मी त्या सूचना वाचल्या आहेत आणि त्यांत "400 मिनिटे" असे स्पष्ट छापलेले आहे. आता डिस्ट्रिक्ट पालकांसाठी स्वतःचे एआय साधन आणण्याचा विचार करत आहे. त्यात मागची आणि नवी योजना एकाच एककात समोरासमोर दाखवावी, आणि पालकाकडे जाण्याआधी प्रत्येक तक्ता एखाद्या विशेष शिक्षिकेने तपासावा, अशी मागणी मी केली आहे. ते साधन येईपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. ज्या पालकांची मिनिटे घटली आहेत त्यांना मी एकेक करून फोन करते आहे, आणि वर्ष संपण्याआधी योजनेचा फेरविचार मागण्याचा हक्क त्यांना आहे, हे प्रत्येकाला सांगते आहे.