आधी रेडिएशन, मग ऑपरेशन: असं का?

"डॉक्टर, गाठ दिसतेय ना? मग आधी काढून टाका की! रेडिएशन नंतर देऊ." गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघाला की पेशंटच्या घरचे हे विचारतातच, आणि रेडिएशनचं काम माझं असल्यामुळे उत्तरही मीच देते. अंगात कॅन्सर आहे आणि ऑपरेशनची तारीख पुढे जातेय, हे सोसणं किती कठीण असतं ते मी रोज बघते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

गुदाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत अगदी अडचणीच्या जागी असतो. पुढे मूत्राशय, पुरुषांमध्ये प्रोस्टेट, बायकांमध्ये गर्भाशय आणि योनी, मागे माकडहाड. आतड्याची गाठ पोटात वर असेल तर सर्जनला आजूबाजूचा बराच निरोगी भाग सोबत काढता येतो. इथे तेवढी जागाच नाही. एमआरआय हातात आला की मी गाठीच्या आकाराआधी एक अंतर मोजते: गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या बाहेरच्या पडद्यापासून गाठ किती लांब आहे. ते १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर नुसत्या ऑपरेशनने कड स्वच्छ निघेल याचा भरवसा नसतो. कडेला पेशी राहिल्या तर कॅन्सर तिथेच परत येण्याचा धोका वाढतो, आणि ओटीपोटात परत आलेला कॅन्सर फार दुखवतो. दुसऱ्यांदा ऑपरेशन करणंही खूप अवघड जातं.

मग नंतर का नाही? जर्मनीत याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला, २००४ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण आधी उपचार घेतलेल्यांत ६ टक्के, नंतर घेतलेल्यांत १३ टक्के. तीव्र त्रासही आधीवाल्यांना कमी झाला. एकूण आयुष्यमानात मात्र फरक दिसला नाही, हेही मी पेशंटला सांगते.

कारणं समजायला सोपी आहेत. ऑपरेशननंतर मोकळ्या झालेल्या जागेत लहान आतडं खाली उतरतं आणि रेडिएशन त्याला लागतं. शिवाय कापलेल्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो, ऑक्सिजन घटतो, आणि ऑक्सिजन कमी असला की रेडिएशनचा जोर कमी पडतो. आधी दिलं तर रेडिएशन लागलेला गुदाशयाचा बराचसा भाग गाठीबरोबरच निघून जातो, आणि जोड द्यायला वरचं निरोगी आतडं खाली आणता येतं.

पद्धती मुख्यतः दोन. एक पाच दिवसांची, रोज ५ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). दुसरी पाच-साडेपाच आठवड्यांची, २५ ते २८ सिटिंग, सोबत बहुधा केमोच्या गोळ्या. लांबच्या कोर्सनंतर साधारण ६ ते १२ आठवडे थांबतो. तो वेळ फुकट जात नसतो: मार बसलेल्या पेशी विभागायला गेल्या की मरतात, म्हणून मशीन थांबल्यावरही गाठ आकसत राहते. काहींची तर पूर्ण विरघळते. अशा निवडक पेशंटमध्ये कडक तपासण्या ठेवून ऑपरेशन टाळताही येतं. आणि लहान, सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ असेल तर रेडिएशन लागतच नाही, थेट ऑपरेशन.

जुलाब, थकवा, लघवीची जळजळ याबद्दल सगळे विचारतात. मूल होण्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. या रेडिएशनने बीजांडकोशांचं काम थांबू शकतं, शुक्राणूंवरही परिणाम होतो. बीजं किंवा शुक्राणू जतन करायचे तर ते पहिल्या सिटिंगच्या आधीच करावं लागतं. त्यामुळे पेशंट तरुण असेल तर बाकीच्यांना जरा बाहेर बसायला सांगून हा विषय मीच काढते.