माझ्या कॉटवर झोपलेली मुलगी

दहावीचा निकाल लागला आणि ऑगस्टमध्ये मी रोटरी युथ एक्स्चेंजमधून ब्राझीलला गेले, बेलो होरिझोंतेला. ब्राझीलबद्दल लोक मला अजूनही विचारतात. परत आल्यावर काय झालं, हे कुणी विचारत नाही. मला तेच सांगायचं आहे.

या कार्यक्रमात १५ ते १९ वयाची मुलं शाळेचं एक वर्ष दुसऱ्या देशात काढतात. राहायचं यजमान कुटुंबांकडे, तेही बहुतेक वेळा दोन-तीन घरं बदलून. राहण्या-जेवण्याचे पैसे कुटुंबं घेत नाहीत. आणि मुलं जातात तशी येतातही. मी गेले त्याच महिन्यात मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आमच्या घरात जर्मनीची एक मुलगी राहायला आली. नाताळापर्यंत ती आमच्याकडे होती, मग दुसऱ्या कुटुंबाकडे गेली. माझी कॉट, माझं टेबल, कपाटातले माझे दोन कप्पे, सगळं तिचं झालं होतं.

मी तिला कधीच भेटले नाही. मी जुलैत परतले तेव्हा ती जर्मनीत तिच्या घरी पोचलीसुद्धा होती.

परतीचा प्रवास साओ पावलो, आदिस अबाबा, मुंबई असा. ब्राझीलहून येणाऱ्याला भारतात शिरताना यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. ते कार्ड मी सबंध प्रवासात पासपोर्टपेक्षा जास्त जपलं. बाहेर आई, बाबा, आजी, मामा, हार, पेढे. ते सगळं छान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं.

आमच्या घरी कुणी कधी दार वाजवत नाही. दोन खोल्यांचं घर, दारं उघडीच असतात. बाबा थांबले, मी ‘या’ म्हटल्यावर आत आले, चहा ठेवला आणि गेले. मी रडले. आपल्याच घरात आपण पाहुणे झालो असं वाटलं. मग दिवसभर अशाच गोष्टी दिसत राहिल्या. आईने भाजीत तिखट न घालता ते वेगळं ठेवलं होतं. आजी म्हणाली, ‘त्या पोरीने गणपतीत मोदकाला काय सुरेख कळ्या पाडल्या गं.’ माझ्या मोदकांचं आजीने असं कौतुक कधी केलेलं मला आठवत नाही. मला त्या न पाहिलेल्या मुलीचा फार राग आला.

बाहेर वेगळंच चाललं होतं. अकरावीचं वर्ष मोजलं जाणार नव्हतं, माझ्याहून लहान मुलांबरोबर मला पुन्हा अकरावीला बसायचं होतं. मैत्रिणी बारावीत, त्यांचे सीईटीचे क्लास सकाळी सहाला सुरू. नातेवाइकांचं एकच वाक्य, ‘वर्ष वाया गेलं ना पण?’ मी वाद घालणं सोडलं. गॅलरीत बसायचे, खाली रिक्षांची रांग बघत.

तेव्हा आई भाजी घेऊन बाजूला बसायला लागली. मेथी, गवार, असेल ते. बोलायची नाही. निवडून झालं की उठून जायची. माझी आई गप्प बसणारी बाई नाही. मी आधी उदास असले की ती लगेच खायला करायची, कारण विचारायची, उपाय सांगायची. चार-पाच दिवसांनी मीच विचारलं, तू अशी का बसतेस?

म्हणाली, ‘ती दिवाळीत अशीच बसायची. घर आठवायचं तिला. आधी मी शिरा करून बघितला, फिरायला नेलं, काही उपयोग नाही. मग एकदा नुसती बसले, तर मला टेकून झोपली. तेव्हा मला वाटायचं, तूपण तिकडे अशीच बसत असशील. कोण बसत असेल तुझ्याजवळ?’

बसत होतं ना. बेलो होरिझोंतेच्या पहिल्या घरात मी राहत होते ती खोली त्या घरच्या मुलाची होती. तो तेव्हा एक्स्चेंजवरच कॅनडात होता. भिंतीवर क्रुझेरो या फुटबॉल क्लबचा निळा झेंडा, फळीवर त्याची पुस्तकं. त्याची आई रात्री दारात येऊन उभी राहायची, मग पायाशी बसायची. मी समजत होते, ती माझ्यासाठी येते. थोडी माझ्यासाठी, थोडी त्याच्यासाठी येत असणार, हे मला मुलुंडच्या गॅलरीत मेथीच्या काड्यांकडे बघताना कळलं.

पुढे सायकॉलॉजीच्या वर्गात लिसगार्ड हा संशोधक वाचनात आला. नॉर्वेहून अमेरिकेत शिकायला गेलेल्यांचा अभ्यास करून त्याने १९५५ मध्ये मांडलं की परक्या देशात मन आधी वर असतं, मग खाली जातं, मग सावरतं. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने त्या चढ-उताराच्या रेषेला घरी परतल्यानंतरची दुसरी घसरण जोडली. वाचून मला धीर आला. पण ती रेषा फक्त जाणाऱ्याची आहे. मागे राहिलेल्या घराची रेषा त्यात नाही, आणि माझ्या मते परतणाऱ्याचं काय होणार हे निम्मं त्या घरावर ठरतं. माझ्या आईने वर्षभर नुसती वाट बघितली असती, तर तिने जुन्या मुलीचीच वाट बघितली असती. तिने एक परकी मुलगी सांभाळली, म्हणून बदलून आलेली मुलगी तिला ओळखता आली.

बाबांचं दार वाजवणंही मग मला आवडायला लागलं. ते अजून वाजवतात.

एकादशीला मी आजीसाठी पाँव जी केजू केले, तिकडचे चीजचे छोटे गोल पाव. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कसावाच्या पिठाचे असतात, म्हणून आजीला उपासाला चालतील असा माझा हिशोब. अंडं वगळलं, तिकडचं चीज मिळालं नाही म्हणून पनीर आणि अमूल चीज किसून घातलं. फुगले कमी, पण आजीने तीन खाल्ले. आईने फोटो काढून दोघींना पाठवले, जर्मनीला आणि ब्राझीलला. आता तिकडचे सकाळचे सात म्हणजे इथे दुपारी साडेतीनला आईच मला आठवण करते, ‘तुझ्या त्या आईला फोन केलास का?’

हल्ली मुलांना पाठवू इच्छिणारे पालक मला फोन करतात. व्हिसा, भाषा, शाकाहारी जेवण, सुरक्षितता, सगळं विचारतात आणि मी सगळं सांगते. शेवटी मी त्यांना एकच गोष्ट विचारते, तुम्ही कुणाचं मूल घरी ठेवाल का? बरेच जण म्हणतात, जागा लहान आहे हो. मी त्यांना आमच्या दोन खोल्यांबद्दल सांगते, आणि आईचा नंबर देते. एवढ्या घरात परकी मुलगी कशी सामावली हे ती माझ्यापेक्षा नीट सांगते.